माल नेला, पट्टी कुठाय?

तुमच्या वेबसाइटवर काल रात्री कोण कोण येऊन गेलं, सांगता येईल?

नांदेड-लातूरकडच्या बहुतेकांना नाही सांगता येणार. स्थानिक दैनिक असो, क्लास असो, कॉलेज असो, पतसंस्था असो. वेबसाइट पुतण्याच्या मित्रानं करून दिलेली, पासवर्ड त्याच्याकडं, आणि तो हिंजवडीत नोकरीला. साइट उघडते ना, मग झालं.

मग एक दिवस होस्टिंगवाल्याचा मेल येतो. तुमचं ट्रॅफिक वाढलंय, मोठा प्लॅन घ्या. मालक खूश. वाचक वाढले!

वाढले ते बॉट.

सर्व्हरचा लॉग उघडून बघा. जीपीटीबॉट, क्लॉडबॉट, बाइटस्पायडर, अ‍ॅमेझॉनबॉट, मेटा-एक्स्टर्नलएजंट. एआय कंपन्यांनी सोडलेले हे प्रोग्रॅम. यांना क्रॉलर म्हणतात. पानामागून पान उघडायचं, मजकूर उचलायचा, पुढच्या साइटवर जायचं. यांना जाहिरात दिसत नाही, वर्गणी भरायची नसते, बातमीखाली दोन शब्द लिहायचे नसतात. बिल मात्र तुमच्या नावावर फाटतं.

मोठ्यांची काय गत झाली तेवढं ऐका. यंत्रं दुरुस्त कशी करायची ते शिकवणारी आयफिक्सिट नावाची अमेरिकन साइट आहे. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर अँथ्रोपिक कंपनीच्या क्लॉडबॉटनं एका दिवसात जवळपास दहा लाख धडका मारल्या. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियानं एप्रिल २०२५ मध्ये हिशेब मांडला. सर्व्हरला सर्वांत महाग पडणाऱ्या ट्रॅफिकपैकी ६५ टक्के बॉटांचं. एकूण पानं उघडण्यात मात्र त्यांचा वाटा ३५ टक्केच. विकिमीडियाकडं पगारी इंजिनिअर आहेत, तरी त्यांना घाम फुटला.

आपल्याकडं कोण आहे? हिंजवडीतला तो मित्र.

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनची पाच पोती उतरली तरी सौदा होतो, माप होतं, हमाली-तोलाई कापून शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. भाव पटो न पटो, कागद मिळतो. त्याच लातूरच्या वेबसाइटवरून पाच हजार पानं उचलून नेली, तर कागद सोडा, कुणी नेली हेही मालकाला कळत नाही.

कळून घ्यायची इच्छा आहे का, हा त्याआधीचा प्रश्न.

‘अहो, पण बदल्यात वाचक पाठवतात की ते!’ किती पाठवतात? जगातल्या सुमारे वीस टक्के वेबसाइटच्या दारात उभी राहणारी क्लाउडफ्लेअर ही कंपनी. तिनं जून २०२५ चे आकडे दिले. गूगल सुमारे १४ पानं नेतं आणि एक वाचक परत पाठवतं. चॅटजीपीटीवाली ओपनएआय १७०० पानं नेते तेव्हा एक. अँथ्रोपिक ७३,००० पानं नेते तेव्हा एक.

त्र्याहत्तर हजार! मुखेडच्या एखाद्या वार्ताहरानं वीस वर्षांत एवढ्या बातम्या लिहिल्या तरी खूप.

मुखेडचं नाव उगाच नाही घेतलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावच्या घराघरांत पाणी शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली. तिथं पहिल्यांदा कोण पोचलं? मोबाइलच्या उजेडात चिखल तुडवत, ओल्या खिशातल्या वहीत नावं टिपत कोण हिंडलं? तालुक्याचा वार्ताहर. ज्याला महिन्याचं मानधन सांगायला संकोच वाटतो, तो.

आज कुणी एआयला विचारलं, मुखेडला काय झालं होतं, तर चार ओळींचं नेटकं उत्तर येतं. वार्ताहराचं नाव त्यात नसतं. पेपरचंही असेलच याची खात्री नाही. आणि उत्तर मिळाल्यावर मूळ बातमी उघडायला कोण जातंय?

हे थांबवता येतं का? काही प्रमाणात येतं. त्यासाठी एक साधी फाइल असते, तिचं नाव रोबोट्स डॉट टीएक्सटी.

ही सोय १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर या डच इंजिनिअरनं सुचवली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. म्हणजे विद्यापीठाच्या वयाची ही फाइल. आपल्या भागातल्या किती संस्थाचालकांनी ती कधी उघडून पाहिली असेल?

पाहायला काही लागत नाही. साइटच्या पत्त्यापुढं तिरकी रेघ मारायची आणि फाइलचं नाव लिहायचं. कुठल्या बॉटनं कुठं जायचं, कुठं नाही, ते दोन-दोन ओळींत लिहिलेलं असतं. आधी बॉटचं नाव, खाली ‘डिसअलाउ’ आणि रस्ता. सातवीतलं पोरगं लिहील.

आता त्यातली मेख. ही फाइल पाळायची सक्ती कुणावरच नाही. २०२२ मध्ये तिचं रीतसर इंटरनेट मानक झालं, तेव्हा त्यातच स्पष्ट लिहिलं की हे सुरक्षेचं साधन समजू नका. सभ्य बॉट आधी ही फाइल वाचतो आणि मुकाट मागं फिरतो. असभ्य बॉट वाचतही नाही.

म्हणून काही शहाणे सांगतात, मग लिहूनच कशाला ठेवायचं? कशाला म्हणजे? तुम्ही नको म्हणाला होता, याचा लेखी पुरावा म्हणून. उद्या भांडायची वेळ आली तर ‘आम्हाला वाटलं चालतं’ म्हणायला समोरच्याला जागा राहू नये म्हणून.

लिहायचं तर डोकं लावून लिहा. सरसकट ‘सगळे बाहेर’ लिहिलंत तर गूगलही बाहेर जाईल आणि तुमचा पेपर शोधून सापडणार नाही. तसे पराक्रम झालेले आहेत.

एकाच कंपनीचे बॉट वेगवेगळ्या कामांना येतात, हे आधी समजून घ्या. ओपनएआयचा जीपीटीबॉट मॉडेलच्या शिकवणीसाठी मजकूर नेतो. ओएआय-सर्चबॉट शोधात दाखवण्यासाठी येतो. चॅटजीपीटी-यूजर हा तिसरा. कुणी माणसानं प्रश्न विचारला की त्या क्षणी तो तुमचं पान उघडतो. अँथ्रोपिकचेही असेच तीन. पहिल्याला नको म्हणून दुसऱ्याला हो म्हणता येतं. ओपनएआयनं जीपीटीबॉटचं नाव आणि त्याला अडवायची रीत ऑगस्ट २०२३ मध्येच जाहीर केली आहे.

तिसऱ्या प्रकाराला रोबोट्स फाइल लिहून भागेलच असं नाही. माणसाच्या सांगण्यावरून येणारे आपले बॉट ही फाइल सहसा बघत नाहीत, असं खुद्द गूगलच सांगतं.

गूगलचं दुखणं तर निराळंच. ‘गूगल-एक्स्टेंडेड’ या नावानं नकार लिहिला की जेमिनी मॉडेलच्या शिकवणीला तुमचा मजकूर वापरत नाहीत. हा वेगळा बॉट नाही, फाइलमध्ये लिहायचं नुसतं नाव आहे. चला, सुटलो! कुठलं सुटलो? शोधाच्या वर जो एआयचा सारांश येतो, तो या नावाला जुमानत नाही. तो नेहमीच्या गूगलबॉटच्या खात्यात मोडतो. सारांशातून पुरतं सुटायचं तर एकतर बातमीच्या दोन ओळीही शोधात दिसू द्यायच्या नाहीत, नाहीतर गूगलबॉटलाच घालवायचं.

गूगलबॉटला घालवून नांदेडच्या कुठल्या पेपरचं दुकान चालणार आहे?

याला परवानगी म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही. ज्याच्या हातात रस्ता आहे त्यानं ‘येऊ देता की रस्ता बंद करू’ असं विचारणं, ही दांडगाई आहे.

सीसीबॉटचंही सांगून टाकतो. हा कॉमन क्रॉल या ना-नफा संस्थेचा. २००७ पासूनची संस्था, जगभरची पानं साठवून सगळ्यांना फुकट देते. हेतू चांगला. पण ओपनएआयच्या जीपीटी-३ ला २०२० मध्ये जे खाऊ घातलं, त्यात सर्वांत मोठा घास याच साठ्यातला होता. तुम्ही आज सीसीबॉटला अडवलंत तर उद्यापासूनचा मजकूर वाचेल. आधीचा गेला तो गेला.

म्हणजे उशीर झालाय. अजून करायचा का?

वेश बदलून येणाऱ्यांचं काय? ऑगस्ट २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअरनं जाहीर आरोप केला. त्यांनी कुणालाच ठाऊक नसलेल्या कोऱ्या साइट उभ्या केल्या, सगळ्या बॉटांना मनाई लिहिली, तरी पर्प्लेक्सिटी हे एआय शोधयंत्र तिथला मजकूर सांगत होतं. मनाई दिसली की हा बॉट साध्या क्रोम ब्राउझरच्या नावानं आत शिरतो, असं त्यांचं म्हणणं. पर्प्लेक्सिटीनं ते फेटाळलं.

नाव बदलण्याची गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमाऱ्यांनी ‘मराठवाडा’ हे पत्र काढलं. निजामानं बंदी घातली की ते नाव बदलत आणि अंक पुन्हा संस्थानात पोचवत. बंदी घालणारा सत्तेवर होता, नाव बदलणारा लोकांच्या बाजूचा होता. आज मनाई लिहिणारा देगलूरचा छोटा पोर्टलवाला आहे आणि वेश बदलल्याचा आरोप अब्जावधी डॉलरच्या कंपनीवर आहे.

त्या दोघांना एका मापानं मोजणारा भेटला तर त्याला इतिहासाच्या वर्गात बसवा.

फाइल न पाळणाऱ्यांसाठी खरं कुलूप सर्व्हरवर लावावं लागतं. क्लाउडफ्लेअरनं जुलै २०२४ मध्ये एआय बॉट अडवायचं बटण दिलं, फुकटच्या प्लॅनलासुद्धा. १ जुलै २०२५ पासून नव्या साइटना ही अडवणूक आपोआप लागू केली आणि ‘पैसे भरा, मग पान न्या’ अशी सोयही चाचणीसाठी आणली. बॉट आला की त्याला ४०२ क्रमांकाचा निरोप जातो: पैसे लागतील.

पण बटण दाबायचं कुणी? पासवर्ड कुणाकडं आहे? आधी तो परत घ्या. बाकीचं नंतर.

आणि हो, आपल्या घरातलंही बोलू. नांदेडला सकाळी एका पोर्टलवर बातमी लागली की दुपारपर्यंत ती शब्दासकट दहा पोर्टलवर दिसते. फोटोसकट. कधी कधी शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मूळवाल्यानं बॉटला अडवलं तरी बाकीचे नऊ उघडेच. एएनआय या वृत्तसंस्थेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयवर दावा ठोकला, तिथं हाच मुद्दा निघाला. ओपनएआय म्हणाली, आम्ही एएनआयची साइट आधीच आमच्या बंदीयादीत टाकली. एएनआयचं म्हणणं, आमचा मजकूर आमच्या ग्राहकांच्या साइटवरही असतो, तिथून तो मिळतोच.

शेजाऱ्याची बातमी उचलणाऱ्यानं बॉटच्या नावानं बोटं मोडू नयेत. आधी ती सवय सोडावी.

एवढं वाचून कुणी म्हणेल, ठोका सगळ्यांना कुलूप. थांबा.

कॉमन क्रॉलच्या साठ्यात इंग्रजी चाळीस टक्क्यांच्या वर आहे. मराठी? एका टक्क्याच्या दहाव्या भागालाही पोचत नाही. आठ कोटींहून जास्त लोकांची भाषा, ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळालेली. पुण्याच्या एल३क्यूब गटानं २०२२ मध्ये ‘महाकॉर्पस’ नावाचा मराठी वाक्यांचा साठा खुला केला. सुमारे अडीच कोटी वाक्यं. त्यातला मोठा वाटा मराठी बातम्यांच्या साइटवरून गोळा केलेला. त्या साइट बंद असत्या तर पुण्याच्या पोरांना मराठी कुठून मिळाली असती?

शेतीचं घ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-६१२ अशी सोयाबीनची वाणं दिली. औशाचा शेतकरी आता फोनवर एआयला विचारतो, माझ्या रानाला कुठलं वाण घेऊ, पिवळं पडलं तर काय फवारू. परभणीचा सल्ला एआयला वाचताच आला नाही, तर तो कुठलाही सल्ला देईल. अमेरिकेतल्या आयोवाचा देईल.

आयोवाच्या फवारणीनं औशाचं सोयाबीन वाचणार आहे का?

तेव्हा विद्यापीठाचा शेतीसल्ला, पणन मंडळाचे रोजचे बाजारभाव, मराठी विश्वकोश, शासन निर्णय, हे सगळं सताड उघडं हवं. लोकांच्या पैशानं झालेलं आहे. माणसानं वाचावं, बॉटनं वाचावं, ताजं वाचावं. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ मध्ये ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ मध्ये ५,३२८ झाला. जुना आकडा सांगणाऱ्या एआयच्या भरवशावर शेतकरी क्विंटलमागं ४३६ रुपयांना गंडू शकतो.

आणि प्रत्यक्षात काय आहे? सरकारी कागद स्कॅन करून, वाकडा, पीडीएफमध्ये चढवलेला. जुना मजकूर श्रीलिपीच्या काळातल्या फॉन्टमध्ये, जो युनिकोडमध्ये न बदलल्यामुळं मशीनला नुसता कचरा दिसतो. यांनी कुठल्याही बॉटला मनाई केलेली नाही. तरी बॉट हात हलवत परत जातो.

दुसरीकडं, जे झाकायला हवं ते चव्हाट्यावर.

गुणवत्ता याद्या बघा. विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, मोबाइल नंबर, गुण. अख्खी पीडीएफ वर्षानुवर्षं साइटवर पडलेली. अकरावी-बारावीचं पोरगं अठराच्या आतलं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी असं लिहिलं आहे. प्राचार्यांनी ती घेतली? क्लासनं घेतली? प्रवेश संपले, यादीचं काम झालं, मग ती अजून तिथं का आहे?

कुणी काढायचं राहिलं म्हणून.

क्लासेसच्या प्रश्नपत्रिकांचंही तेच. ‘लातूर पॅटर्न’ शाहू कॉलेज, दयानंद कॉलेजच्या मास्तरांनी वर्षानुवर्षं पोरांच्या मागं बसून घडवला. सराव परीक्षा, चुकलेल्या प्रश्नांची चिरफाड, पुन्हा परीक्षा. ते प्रश्न आज जाहिरातीसाठी साइटवर फुकट टाकतात. बॉटनं नेले की उद्या कुठलंही अ‍ॅप तसेच प्रश्न ओततं. मास्तरांची मेहनत कुणाच्या खात्यात जमा झाली?

आणि कृपा करून एक शहाणपणा करू नका. लपवायच्या फोल्डरची नावं रोबोट्स फाइलमध्ये लिहू नका. ती फाइल साऱ्या जगाला दिसते. जे खरंच गुप्त आहे त्याला पासवर्ड लावा, किंवा साइटवरून काढा.

उघडं ठेवायचं ते बंद, बंद ठेवायचं ते उघडं. हा कुठल्या कंपनीचा डाव नाही. हा आपला गलथानपणा आहे. आपण ठरवलंच नाही, म्हणून बॉटनं ठरवलं.

पुस्तकांचा मामला तर फाइलच्या पलीकडचा. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ ला गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. म्हणजे कुरुंदकरांच्या लेखनावर २०४२ संपेपर्यंत वारसांचा हक्क आहे. त्यांचं पुस्तक कुणी स्कॅन करून चोरट्या साइटवर चढवलं, तर वारसांनी रोबोट्स फाइल लिहायची कुठं?

चोरट्या साठ्यातून पुस्तकं घेतल्याबद्दल अँथ्रोपिकला अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये दीड अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. सुमारे पाच लाख पुस्तकं, प्रत्येकी साधारण तीन हजार डॉलर. वाचून बरं वाटलं? अट वाचा. पुस्तकाची अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी हवी. आपल्या किती लेखकांनी ती केली असेल? उदगीरला २०२२ मध्ये ९५ वं साहित्य संमेलन झालं, हजारो पुस्तकं विकली गेली. त्या स्टॉलवरच्या लेखकांना या पैशातला छदाम मिळायचा नाही.

मग आपला कायदा काय म्हणतो? १९५७ चा कायदा. त्यात एआयचं नाव असायचं कारणच नाही. एएनआयच्या खटल्यात मोठ्या वृत्तपत्रांची डिजिटल संघटना उतरली, प्रकाशकांचा महासंघ उतरला. चांगलं झालं. पण त्या दालनात ‘प्रजावाणी’, ‘सत्यप्रभा’, ‘एकमत’ अशा जिल्ह्याच्या पेपरांच्या वतीनं कोण बोलतंय? दिल्लीच्या दैनिकाला वाटाघाटीला बोलावतील. नांदेडच्या दैनिकाला कोण बोलावणार?

आणि आता सर्वांत गंभीर गोष्ट. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागानं नेमलेल्या समितीनं डिसेंबर २०२५ मध्ये प्रस्ताव मांडला. एआय कंपन्यांना शिकवणीसाठी, कायदेशीर मार्गानं हाती आलेला सगळा मजकूर वापरायचा सरसकट परवाना. बदल्यात रॉयल्टी, तीही कंपनीची कमाई सुरू झाल्यावर. दर सरकारी समिती ठरवणार. पैसे एका मध्यवर्ती संस्थेकडं जमा होणार आणि तिथून वाटले जाणार.

मालकाला नको म्हणायचं असेल तर? तशी सोय नाही.

पुन्हा वाचा. मजकूर तुमचा, आणि शिकवणीला देणार नाही असं म्हणायचा हक्क मात्र तुम्हाला नाही. आत्तापर्यंत निदान फाइलमध्ये दोन ओळी लिहून ठेवता येत होत्या. हा प्रस्ताव कायदा झाला तर त्या ओळींची किंमत काय?

‘पण पैसे मिळतील ना!’ कुणाला? मध्यवर्ती संस्थेच्या वाटपात मुखेडच्या वार्ताहरापर्यंत काय झिरपेल? मराठवाड्यातल्या माणसाला वरून सुटलेलं पाणी शेवटच्या चारीपर्यंत किती येतं, हे शिकवायची गरज नाही. माझा रॉयल्टीला विरोध नाही. रॉयल्टी हवीच. पण ती नकाराच्या हक्काच्या जागी नको. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या भावाला बाजारात किंमत नसते.

एआय कंपन्यांच्या बाजूनं बोलणाऱ्या नॅसकॉम या आयटी उद्योगाच्या संघटनेनंही या प्रस्तावाला विरोध नोंदवला. त्यांचा रोख वेगळा आहे, त्यांना पैसेच द्यायचे नाहीत. पण त्यांनी आपलं म्हणणं लेखी दिलं. आपण काय दिलं?

कामं सांगतो, ती या आठवड्यात होण्यासारखी आहेत. साइटचा पासवर्ड ताब्यात घ्या. लॉग मागवा आणि कुठला बॉट महिन्याला किती पानं नेतो ते वाचा. विद्यार्थ्यांच्या जुन्या याद्या आजच काढा. शोधाचे बॉट आत ठेवा. शिकवणीचे बॉट नावानं अडवा किंवा अटी घालून बोलवा, पण ठरवून. नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना जिल्ह्यातल्या वीस पेपरांच्या साइट तपासायला दिल्या तर एका सत्राचा प्रकल्प होईल आणि संपादकांना फुकटात अक्कल येईल. शेतीची, पाण्याची, सरकारी योजनांची माहिती ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी ती युनिकोडमध्ये टाकून सगळ्यांना मोकळी करावी.

आणि नांदेड, लातूरच्या पत्रकार संघांनी, संपादकांनी एकत्र बसावं. वेगवेगळे गेलात तर कुणी दारात उभं करणार नाही. एक पानाचं पत्र लिहा, दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांच्या हातात द्या आणि संसदेत एकच प्रश्न विचारायला लावा: या परवान्यात मालकाला नाही म्हणायचा हक्क का ठेवला नाही? उत्तर लेखी घ्या आणि पहिल्या पानावर छापा.